तपकिरी ठिपका

रविवार, ११ जून २०१७, पेण

ही डायरी रंगवाल्या कंपनीने जानेवारीत फुकट दिली होती. पानापानावर खाली सुविचार छापलाय. ज्यांना स्वतःला विचार करता येत नाही त्यांची सोय असावी. पाच महिने कपाटात पडून होती. आज बाहेर काढली, कारण मला जे बोलायचंय ते ऐकण्याच्या लायकीचं या घरात कोणी नाही. आमचे हे, गुणाजीराव, गणपतीच्या कारखान्याचे मालक. माती मळण्यात हुशार आहेत. बायको बोलायला लागली की मातीकडेच बघतात.

आज सरूच्या हातून आखणी चुकली. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. अंगाला रंग कोणीही फासतो, पण डोळे काढणारा हात शंभरात एक. आमच्याकडे आधी सासरे काढायचे, मग मी, आणि गेली तीन वर्षं माझी मुलगी. माझ्यापेक्षा तिचा हात चांगला आहे, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. आज वरच्या पापणीची रेघ मध्येच थरथरली. ओल्या फडक्याने पुसून पुन्हा काढली, पुन्हा तेच. म्हणाली, बोटं जरा बधिर वाटतात.

कालच ती वरसेहून आली. तिचं कॉलेज रोह्याला, म्हणून आठवडाभर तिथून जवळच वरसेला आत्याकडे राहते आणि शनिवारी घरी येते. आत्या म्हणजे माझी धाकटी नणंद मैना. या वेळी प्रवेशाच्या कामासाठी सलग नऊ दिवस तिथे होती आणि येताना हात बधिर घेऊन आली. ज्याला दिसायचं त्याला यात दिसतं.

सोमवार, १२ जून

पुढेमागे ही डायरी कोणाच्या हाती लागली तर मलाच वेडी ठरवतील, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते.

सरूला जन्मापासून पीकेयू आहे. अन्नातल्या प्रथिनाचा एक भाग तिच्या शरीराला मोडता येत नाही. तो रक्तात साठतो आणि मेंदू नासवतो. म्हणून डाळ, दूध, मासळी, अंडं, शेंगदाणा सगळं बंद. भात तराजूवर मोजून. साबुदाणा, बटाटा, रताळं, फळं, तूप चालतं. प्रथिनाच्या जागी मुंबईहून येणारी पावडर पाण्यात कालवून दिवसातून तीनदा. तिचा वास असा की मांजर तोंड फिरवून जाईल. अठरा वर्षं हे मी एकटीने सांभाळलंय. मुंबईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, रंभाबाई, तुमच्यासारखी आई पाहिली नाही. खरंच आहे ते.

सरूच्या आधी रघू होता. त्याचा आजार कोणाला कळला नाही. मी त्याला वाटी वाटी वरण भरवलं, दूध पाजलं, कोलंबीचा रस्सा चाखवला, पोरगा बाळसं धरू दे म्हणून. तीन वर्षांचा झाला तरी माझ्याकडे बघत नव्हता. मुंबईला निदान झालं तेव्हा उशीर झाला होता. सातव्या वर्षी आकडीत गेला. त्याला मी माझ्या हाताने भरवलं होतं. म्हणून सरूच्या ताटात काय पडतं ते मीच बघणार, दुसऱ्या कोणी नाक खुपसायचं कारण नाही.

शनिवार, १७ जून

सरू दुपारच्या गाडीने आली ती एका पायात चप्पल घालून. दुसरी कुठे म्हटलं, तर खाली बघून तिलाच नवल वाटलं. स्टेशनपासून घरापर्यंत एका पायाने अनवाणी चालत आली आणि पत्ताच नाही. शेजारच्या धोंडुबाई हसल्या. पोरगी प्रेमात पडली असेल म्हणाल्या. धोंडुबाईंना सगळे आजार प्रेमाचेच वाटतात. त्यांच्या मुलाला कावीळ झाली तेव्हाही त्या हेच सांगत फिरत होत्या.

जेवताना सरूने अननसाची फोड बाजूला ठेवली. जीभ झोंबते म्हणे. बघितली तर लालभडक आणि गुळगुळीत. वरसेला काहीतरी तिखटजाळ खाल्लंय, दुसरं काय असणार?

रविवार, २५ जून

मैनाचा फोन. "वहिनी, पोरीची तब्येत बरी नाय. पिवली पडलीय, चालताना भिंत धरते. हितल्या डॉक्टरला दाखवू काय?"

ही अंगणवाडीत शिकवते. पोरांना काट्याला लटकवून वजनं घ्यायची, खिचडी वाढायची आणि गोळ्या वाटायच्या, एवढ्या भांडवलावर बाई धन्वंतरी झाली. मी म्हटलं, तू फक्त तिच्या तोंडात काय घातलंस ते सांग.

सरू सहा वर्षांची असताना याच मैनाने तिला सुकट-भाकरीचा घास दिला होता. सगळी पोरं खात होती, ही रडत होती, आत्याला पाझर फुटला. मग स्वतःच येऊन सांगितलं, माझ्या पाया पडून रडली. लोक म्हणतात किती प्रामाणिक. पकडलं जायच्या आधी कबूल झाला म्हणून चोराचा साव होत नाही. नवरा गेलाय, मूलबाळ नाही, परक्याच्या लेकरावर माया उतू जाते. तिची माया माझ्या पोरीच्या मेंदूला महागात पडेल.

आजपासून सरूचा भात एकशेवीस ग्रॅमवरून नव्वदवर आणला. तिकडून चोरून पोटात काही जात असेल तर इकडून तेवढं कमी व्हायला हवं. हिशेब साधा आहे.

सोमवार, ३ जुलै

मुंबईच्या हॉस्पिटलमधून फोन होता. आहार बघणारी एक नवी पोरगी आलीय. आवाजावरून कालपरवा शाळा सोडलेली वाटते. दोन वर्षं तुम्ही आला नाहीत म्हणाली. मी म्हटलं, रक्ताचे थेंब कागदावर घेऊन पोस्टाने पाठवतो, रिपोर्ट उत्तम येतो, मग तुमचं तोंड बघायला येऊ का? तिने विचारलं, पावडर चालू? म्हटलं, चालू. कॅप्सूल चालू? म्हटलं, सगळं चालू.

कॅप्सूल चालू नाहीत, हे इथे लिहायला हरकत नाही. तीन वर्षांपूर्वी जुनी पावडर यायची बंद झाली. नव्या पावडरीत म्हणे जीवनसत्त्वं नाहीत, म्हणून वेगळ्या कॅप्सूल दिल्या. खोक्यावर बघते तर तपकिरी ठिपका. म्हणजे मांसमच्छीचं काहीतरी. नेमकी त्याच वर्षी सरू आखणीला बसली होती. आमच्या घरात सासऱ्यांचा नेम आहे: आखणीला बसणाऱ्याने काम सुरू झाल्यापासून चतुर्थीपर्यंत मासळी-मटणाला शिवायचं नाही. देवाला दृष्टी देणारा हात आहे तो. पूर्वी होळीनंतर काम सुरू व्हायचं. हल्ली दिवाळी झाली की ऑर्डरी येतात. मधल्या दिवसांत पितृपक्ष आणि नवरात्र. उरतं काय? पहिल्या वर्षी आठ-दहा दिल्या, नंतर दिल्याही नाहीत. तिचं काय अडलं? शक्तीच्या गोळ्या त्या. फळं आणि भाज्या मी सुपाने आणते. ज्यांना बाजारात जायचा कंटाळा त्यांनी जीवनसत्त्वं बाटलीतून घ्यावीत.

आज एक मुंबईवाला मूर्ती बघायला आला होता. डोळे जरा क्यूट करा म्हणाला. त्याला पीओपीवाल्यांच्या गल्लीचा रस्ता दाखवला.

गुरुवार, १३ जुलै

रक्ताचा रिपोर्ट आला. आकडा मर्यादेत, उलट नेहमीपेक्षा कमीच. हे म्हणाले, बघ, मैनानं काय दिलं असतं तर वर गेला असता. आयुष्यात पहिल्यांदा यांनी हिशेब केला आणि तोही चुकला. मैना काय कमी बेरकी आहे? थेंब कधी पाठवायचे ते तिला ठाऊक असतं. चार दिवस आधी चारायचं बंद करायचं, रिपोर्ट स्वच्छ. उद्या न कळवता वरसेला जाणार.

शुक्रवार, १४ जुलै

सकाळच्या एसटीने रोह्याला उतरून रिक्षाने वरसेला गेले. मैना अंगणवाडीत, सरू कॉलेजात, किल्ली शेजारच्या पुतळीकडे. ती मागून घेतली आणि एकेक डबा उघडला. सुकट नाही, बोंबील नाही, डाळीचा डबासुद्धा नाही. ओट्यावर माझ्यासारखाच तराजू. भिंतीला वही टांगलेली, त्यात सरूचं रोजचं खाणं ग्रॅममध्ये लिहिलेलं. पुतळी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, मैनाबाई दोन वर्षं झाली घरात मासळी शिजवत नाहीत, पोरीला वास येऊन मन जायला नको म्हणून. खायची झाली तर पुतळीकडे जाऊन खातात. शेजारीण चांगली पढवून ठेवलीय, मी मनात म्हटलं.

दुपारी दोघी आल्या. मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. मोरूच्या टपरीवरची माणसं चहा सोडून बाहेर आली, एवढं पुरे. सरू म्हणाली, आई, आत्यानं मला कधीच काय दिलं नाय. मैना एवढंच म्हणाली, "माज्यावर किती पण राग काढ वहिनी. पन तिला डॉक्टरला दाखव."

मी सरूची बॅग भरली. कॉलेज गेलं खड्ड्यात. चतुर्थीपर्यंत ती माझ्या नजरेखाली राहील. एसटीत चढताना तिचा पाय पायरीवर पडलाच नाही, कंडक्टरने दंड धरला म्हणून वाचली. वाटेत गडब गावाला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, उद्यापासून आत्या एकटी जेवेल. मी म्हटलं, आता मनसोक्त बोंबील खाईल.

रविवार, २३ जुलै

कारागीर गटारीला पांगले. वर्षभर बैलासारखं राबायचं आणि एका दिवसात माकड व्हायचं, ही यांची संस्कृती. कारखान्यात मी आणि सरू दोघीच.

नऊ दिवस झाले. प्रत्येक घास माझ्या हातचा. भात साठ ग्रॅमवर आणला. तरी तिचा हात सुधारत नाही. चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. काल बारीक ब्रश खाली पडला आणि तिची बोटं तशीच मिटलेली राहिली, जणू ब्रश आहेच. एका तासात दोन डोळे काढले, दोन्ही मला पुसावे लागले. पूर्वी एका बैठकीत वीस काढायची. विसरतेही. सकाळी विचारलेलं दुपारी पुन्हा विचारते.

नाथा आमचा जुना कारागीर, त्याची बायको मागच्या दाराने येते म्हणून दोन दिवस तिच्यावर पाळत ठेवली. ती भांडी घासायला राख न्यायला येते. मैनाला शिव्या द्यायला आता जागा उरलेली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतोय. मला भीती वाटते. रघूचंही असंच होत गेलं होतं, आदल्या महिन्यात जमायचं ते पुढच्या महिन्यात जमत नसे.

शनिवार, २९ जुलै

संध्याकाळी लाइट गेली. कारखान्यात मिट्ट अंधार झाला. मी मेणबत्ती शोधत होते तेवढ्यात धडधड आवाज आला. सरू उभ्याउभ्या फळीवर कोसळली होती. सात मूर्ती फुटल्या. ती मातीत बसून होती. मी ओरडले, नीट उभं राहता येत नाय काय? ती म्हणाली, "दिसत असलं तर येतं गो आई. अंधारात पाय कुठं हायत तेच कळत नाय. ब्रश हातात हाय की नाय ते पन बघितल्याशिवाय कळत नाय."

हे तिला कधीपासून होतंय म्हटलं, तर म्हणाली, होळीपासून. मला का सांगितलं नाहीस? सांगितलं असतं तर तू आत्याला बोलली असतीस, म्हणाली.

रविवार, ३० जुलै

मैना आली. यांनी फोन केला होता, मला न विचारता. दारात उभ्याउभ्याच म्हणाली की परवा मुंबईला जायचं. मी तोंड उघडलं, तर हे मातीचे हात धुऊन माझ्यासमोर येऊन उभे राहिले. जायचं म्हणजे जायचं, म्हणाले. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

मंगळवार, १ ऑगस्ट

हॉस्पिटल. डॉक्टरीणबाईंनी सरूला डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. ती डोलली आणि मैनाच्या अंगावर पडली. मग पायाच्या हाडावर एक कंप पावणारा चिमटा लावला, कळतंय का विचारलं. नाही. जीभ बघितली, पापणी ओढून बघितली. मग खुर्चीत बसून अगदी सहज विचारलं, कॅप्सूल रोज घेतेस ना?

सरूने माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाली, "हो, घेते."

माझी पोरगी माझ्यासाठी खोटं बोलली. डॉक्टरीणबाई पेन खाली ठेवून म्हणाल्या, मग हे दुसरंच काहीतरी आहे. मोठ्या मशीनमध्ये घालून बघायला लागेल, पाठीतून पाणीही काढायला लागेल. मैना सरूचा हात चोळत होती. तिला काही माहीत नव्हतं, कॅप्सूल घरी शनिवार-रविवार देते असं मीच तिला सांगून ठेवलं होतं. गप्प बसले असते तर कोणालाच कळलं नसतं. मी गप्प बसलेच, लिहायला लाज वाटते, पण बसले. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी अर्धी लिहिली तोपर्यंत.

मग म्हटलं, "नाय घेत. तीन वर्सं झाली. मीच देत नाय."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे समजावलं. हे एक जीवनसत्त्व आहे, बी-बारा. ते दूध, मासे, मटण, अंडी यांतूनच येतं, फळं-भाज्यांत नसतं. सरूला यातलं सगळं आपणच बंद केलेलं, म्हणजे तिला ते मिळायची वाट एकच होती, औषधाची. शरीरातला साठा दोन-तीन वर्षं पुरतो, मग नसा वाळायला लागतात. आधी पाय, मग हात. रक्ताचा जो थेंब मी पोस्टाने पाठवत होते त्यात हे दिसतच नाही. तपकिरी ठिपक्याचंही सांगितलं: ते नुसतं जिलेटिनचं आवरण. ठिपका नसलेल्या गोळ्याही मिळतात. आणि भात कोणी कमी करायला सांगितला, असंही विचारलं.

किती भरून येईल, असं यांनी विचारलं. हात येईल बहुतेक, पायाचं आज सांगता येत नाही, असं उत्तर मिळालं. पहिलं इंजेक्शन तिथेच दिलं, लाल रंगाचं.

बाहेर आल्यावर मैना मला काहीतरी बोलेल म्हणून मी तयार होते. तिने विचारलं, वहिनी, सकालपासून काय खाल्लंस काय तू? अशा माणसाचा नीट तिरस्कारही करता येत नाही.

शुक्रवार, ४ ऑगस्ट

आज यांना म्हटलं, नेम तुमच्या बापाचा, मी पाळला, आता सगळे माझ्याकडे बघतायत. हे मूर्तीची सोंड घासत होते. मान वर न करता म्हणाले, "बाबा खोकल्यावर माशाचं तेल प्यायचे. ऐन आखनीच्या दिवसांत. औषधाला नेम नाय म्हनायचे."

मी म्हटलं, मग तीन वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरली होती काय?

"तू गोळ्या देत नायस ते मला कुठं ठाऊक व्हतं? तू कोनाला इचारतेस काय?"

माती मळणारा माणूस. या घरात अक्कल फक्त मला आहे असं मी पंचवीस वर्षं धरून चालले. कोणाला विचारावं अशा लायकीचं मला कोणी दिसलं नाही. रघूच्या वेळी मला माहीत नव्हतं. या वेळी खोकं माझ्या हातात होतं.

सोमवार, १४ ऑगस्ट

दिवसाआड इंजेक्शन. मैना रजा टाकून इथेच राहिलीय. स्वयंपाकघरात ती असते. मी मोजलेला भात ती पुन्हा तराजूवर ठेवते, माझ्या तोंडावर. एकशेवीस ग्रॅम.

सरूची जीभ बरी झाली. आज तिने ब्रश हातात घेतला आणि डोळे मिटून सांगितलं, हा बारीक, हा जाड. दोन्ही बरोबर. मैना रडली. तिला रडायला निमित्त लागत नाही. मी मागच्या दारी जाऊन उभी राहिले.

रविवार, २० ऑगस्ट

ऑर्डरीच्या मूर्ती गेल्या. घरचा गणपती राहिलाय, त्याचे डोळे सरू काढेल म्हणते. काल कागदावर पापणी काढून बघितली, रेघ जवळजवळ सरळ आली. मी तिला म्हटलं की तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. ती म्हणाली, आज काय झालं तुला?

डॉक्टरीणबाईंनी एक काम लावून दिलंय. रोज दुपारी तिने डोळे मिटायचे आणि मी कापसाचा बोळा बोटाबोटाला लावायचा, कळलं की तिने सांगायचं. हाताची दहाही बोटं आता बिनचूक येतात. पायाचं पहिल्या दिवसांत काहीच नव्हतं, पण चार दिवसांपासून तीही येऊ लागलीत. आज डावा पाय पूर्ण झाला. हे आणि मैना शेजारी बसून मोजत होते. मैना तर प्रत्येक बोटाला देवाचं नाव घेत होती. उजव्या पायाची चार बोटं झाली. राहिला उजवा अंगठा.

माझा स्वभावच वाईट, कोणावर विश्वास ठेवायचा नाही. मी बोळा अंगठ्यापासून वीतभर लांब हवेत धरला आणि विचारलं, "लागला काय गो?"

सरू डोळे मिटून हसली. "व्हय आई, लागला."